बोटांचे पलटे : पेटीवरून पियानोकडे येताना

आमच्या गावच्या भजनी मंडळातले पेटीवाले बुवा दिवसा वावरात आणि रात्री मंदिरात. मी कॉलेजात असताना जुना कीबोर्ड विकत आणला, तेव्हा ते मुद्दाम बघायला घरी आले. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून मी नवे शिकलेले बोटांचे व्यायाम दोन्ही हातांनी दणादण वाजवायला घेतले. पाच मिनिटं त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "काऊन बे, वाजवून राह्यला का मिर्च्या कुटून राह्यला?"

राग आला होता, पण बुवांचंच खरं निघालं. तेव्हा मी रोज दोन-दोन तास प्रत्येक बोट जमेल तितकं उंच उचलून पट्टीवर आपटायचो, कारण बोटं बळकट झाली पाहिजेत असं डोक्यात बसलं होतं. तीन महिन्यांत कोपरापासून मनगटापर्यंत अशी कळ बसली की विहिरीवरची बादली उचलवेना. दीड महिना कीबोर्ड खाटेखाली पडून होता. नंतर सुरुवात केली ती निराळ्या रीतीने, आणि तीच रीत आता गावातल्या पोरांना शिकवतो. ही पोरं कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात. त्यांच्या बोटांत ताकदीची कमी नाही. कमी आहे ती दाबलेलं बोट वेळेवर मोकळं सोडायच्या सवयीची.

ज्याने कापूस वेचला आहे त्याला हे पटकन समजतं. बोंड मुठीत धरून ओसकलं तर कापसाबरोबर पालाही येतो आणि वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात. सराईत बाई बोटांच्या शेंड्यांनी कापूस अलगद काढून घेते, आणि तो ओटीत पडायच्या आत तिची नजर पुढच्या बोंडावर असते. पट्टीवरचं काम याच जातीचं आहे.

बोट हलतं कशाने

एकदा करून बघा. डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली ठेवा आणि उजव्या हाताची बोटं हवेत हलवा. हालचाल डाव्या तळव्याला लागते. बोट वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू तिथे आहेत, काही छोटे तळहातात आहेत. बोटांपर्यंत पोचतात त्या कंडरा, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या. म्हणून 'बोटाची ताकद' वाढवायच्या नादात दुखतं ते कोपराखाली.

दुसरी गंमत. तळहात टेबलावर उपडा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलायचा प्रयत्न करा. जवळजवळ हलत नाही. बोटं उचलणाऱ्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या धाग्यांनी जोडलेल्या असतात आणि अनामिकेची त्यात सगळ्यात जास्त अडचण होते. ही शरीराची बांधणीच आहे, तुमच्या सरावातली खोट नाही. रॉबर्ट शूमान हा जर्मन संगीतकार तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता. बोटासाठी त्याने एक उपकरण वापरलं होतं. १८३२च्या सुमारास त्याचा उजवा हात निकामी झाला आणि वादक व्हायचं स्वप्न संपलं. उपकरणामुळेच तसं झालं की दुसऱ्या आजाराने, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. तरी अनामिकेला तर्जनीइतकं उंच उचलायला लावणाऱ्या कुठल्याही व्यायामापुढे मी त्याची गोष्ट पोरांना सांगतो.

आता पट्टीच्या पोटात काय होतं ते. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते, भात्याची हवा सुरीतून, म्हणजे रीडमधून, जाते, आणि पट्टी दाबून धरली आहे तोवर सूर चालतो. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यावर. पट्टी जोरात दाबा की हळू, पेटीला सोयरसुतक नाही. पियानोत पट्टी साधारण एक सेंटीमीटर खाली जाते आणि तेवढ्यात एक हातोडी तारेवर फेकली जाते. हातोडी सुटली की तुमचं काम संपलं. नंतर पट्टीच्या तळाशी कितीही जोर लावा, सुरात काडीचा फरक पडत नाही, फक्त तुमचा हात आखडतो. आवाज ठरतो तो पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर. कीबोर्डमध्ये 'टच रिस्पॉन्स' चालू असेल तर तोही हाच वेग मोजतो. तो बंद असेल तर आधी चालू करा. नाहीतर तुमची बोटं पेटीच वाजवत राहतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

पेटीवरून येणाऱ्या प्रत्येकाची पहिली खोड ही. सूर लागला तरी बोट दाबूनच धरायचं.

बैठक

खुर्ची अशी हवी की कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. लग्नमांडवातली प्लास्टिकची खुर्ची बहुतेक टेबलांपुढे खुजी पडते, तेव्हा खाली घडी केलेली सतरंजी घ्या. मांडी घालून वाजवायचं असेल तर कीबोर्ड जमिनीवर ठेवू नका, मनगट उलटं मोडतं. दोन्ही बाजूंना विटा लावून पाट टाका आणि त्यावर ठेवा. खांदे खाली, मनगट ना लोंबकळलेलं ना उचललेलं. बोटं वाकलेली, जशी हात सैल सोडून उभं राहिल्यावर आपोआप वाकतात तेवढीच. नखं कापलेली. खोबरेल तेल सराव झाल्यावर लावा, आधी लावलं तर पट्ट्या निसरड्या होतात. फवारणीवरून आला असाल तर आंघोळीशिवाय पट्टीला हात नाही, याला माझ्याकडे अपवाद नाही.

बोटांचे आकडे एकदा पाठ करा. दोन्ही हातांना अंगठा १, तर्जनी २, मधलं ३, अनामिका ४, करंगळी ५. पेटीवर आपण अंगठा फारसा वापरत नाही, आणि बहुतेक जुने बुवा तर करंगळीही नाही. इथे पाचही लागतात.

पहिला आठवडा : हात टाकायला शिका

या आठवड्यात पलटा (ठरावीक सुरांची आकृती फिरवून फिरवून वाजवायची) नाही, सरगम नाही. पोरं कंटाळतात, पण हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

हात मांडीवर ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी तुमचं मनगट धरून हात वर उचलायला सांगा आणि मध्येच सोडायला सांगा. हात धपकन मांडीवर पडला तर तो सैल होता. हवेतच लटकून राहिला तर तुम्हीच धरून ठेवला होता. दहापैकी आठ जणांचा पहिल्यांदा लटकतोच.

मग तोच पडणारा हात पट्टीवर आणा. मधलं बोट पांढरी एकवर, म्हणजे कीबोर्डच्या सी वर. हात चार-पाच बोटं उंचीवरून पडू द्या. बोट पट्टीवर उभं राहील, बाकी हात त्यावर टेकेल. सूर लागला त्याच क्षणी मनगट ढिलं करा, इतकं की ते किंचित खाली-वर झुलू शकेल. बोट पट्टीवरच, पण तळाशी दाब नाही. तीन मोजा आणि उचला. याच रीतीने पाचही बोटं, दोन्ही हात. करंगळी कडेवर झोपते, तिला शेंड्यावर उभी करा. अंगठा नखाच्या कडेने पट्टीला लागतो, शेंड्याने नाही.

दिवसाला दहा मिनिटं पुरे. कान एवढंच तपासतो की पाचही बोटांचा सूर एकसारखा भरीव येतो का. अनामिका हलकी वाजली तर ती जास्त दाबू नका. हाताचा भार थोडा तिच्या बाजूला झुकवा. झुकणं इतकं बारीक असतं की बघणाऱ्याला दिसतही नाही.

पाच सुरांचे पलटे

हे तुम्हाला येतातच, फक्त पेटीच्या बोटांनी. आता पाच बोटांना पाच सूर वाटून द्या. उजव्या हाताला सा १, रे २, ग ३, म ४, प ५. डाव्या हाताला उलट, सा ५ ते प १. हात जागेवरून हलवायचा नाही.

पहिले दोन दिवस सरळ: सारेगमप, पमगरेसा. नंतर सारेग रेगम गमप, आणि तसंच खाली. नंतर साग रेम गप. शेवटी साम रेप साम रेप, यात ४ आणि ५ ला काम पडतं. प्रत्येक पलटा आधी एकेका हाताने, मग दोन्ही हातांनी एका सप्तकाच्या अंतराने.

पुढचं बोट लागलं की मागचं त्याच क्षणी सुटलं पाहिजे. आधी सुटलं तर सूर तुटतात, उशिरा सुटलं तर दोन सूर एकमेकांवर चढतात आणि गोंधळ होतो. कीबोर्डवर पेटीचा किंवा ऑर्गनचा आवाज लावून हे तपासा. पियानोचा सूर आपोआप विझत जातो, म्हणून त्यात ही चूक लपते. ऑर्गनच्या आवाजात ती लगेच उघडी पडते. पेटीवाल्यांचा कान इथे तयार असतो, त्याचा फायदा घ्या.

बोटं उचलू नका असं म्हणत नाही. पण ती पट्टीवरून आपणहून उठतील तेवढीच उठू द्या. पट्टीला खालून स्प्रिंग आहे, पियानोत तर पट्टीच्या मागच्या टोकावर हातोडीचा भार आहे. तीच बोट वर ढकलते. तुम्ही फक्त आडवे येऊ नका.

हॅनन म्हणजे पलटाच

पियानो शिकणाऱ्यांत हॅननचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. शार्ल-लुई हॅनन हा फ्रान्सचा, १८१९ साली जन्मलेला. त्याने १८७३ साली साठ व्यायामांचं पुस्तक छापलं आणि ते आजही जगभर वाजवलं जातं. पोरांना स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही म्हणून ते पुस्तक दुर्बोध वाटतं. मी पहिला व्यायाम फळ्यावर सरगमीत लिहिला, तेव्हा मागून आवाज आला, "हा तं पलटा हाय न सर." आहेच. बिलावल थाटातला (सगळे सूर शुद्ध) आठ मात्रांचा पलटा:

सा ग म प ध प म ग
रे म प ध नि ध प म
ग प ध नि सां नि ध प

असा एकेक सूर चढत दोन सप्तकं वर जायचं. उजव्या हाताची बोटं प्रत्येक ओळीला १ २ ३ ४ ५ ४ ३ २. डाव्याची ५ ४ ३ २ १ २ ३ ४. उतरताना पलटा उलटतो:

प ग रे सा, खालचा नि, सा रे ग
म रे सा नि ध नि सा रे

इथे उजव्याला ५ ४ ३ २ १ २ ३ ४, डाव्याला १ २ ३ ४ ५ ४ ३ २. सा नंतर रे गाळून ग घेतला आहे, हे लक्षात आलं असेल. त्यामुळे पाच बोटांना सहा सूर व्यापावे लागतात. चढताना डाव्या हाताच्या करंगळी-अनामिकेत फट पडते, उतरताना उजव्याच्या. सगळा व्यायाम त्या फटीसाठी आहे. ही फट बोटं ताणून भरायची नाही. हात किंचित त्या दिशेने सरकवून भरायची. तळहात पंज्यासारखा उघडून ठेवलात तर दहाव्या ओळीला हात भरून येईल. एक सूर वाजला की हात परत मिटू द्या.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हा पलटा दोन्ही हातांनी आरामात बसतो. आठ सुरांची ओळ असल्याने केरव्यात तंतोतंत मावते. ढोलकीवाला मित्र असेल तर त्याला सोबत घ्या, मेट्रोनोमच्या, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राच्या, टकटकीपेक्षा मजा येते आणि समही सुटत नाही. एकटे असाल तर मोबाइलमधला तबला चालेल.

आता माझं मत. साठच्या साठ व्यायाम करण्यात अर्थ नाही. पहिल्या भागातल्या वीसांपैकी चार-पाच घ्या आणि तेच वर्षभर निरनिराळ्या तऱ्हेने घासा. कुणी म्हणतं हॅननशिवाय पियानो येत नाही, कुणी म्हणतं हॅनन म्हणजे वेळेची नासाडी. मला दोन्ही टोकाचं वाटतं. बधिर डोक्याने वाजवला तर तो नासाडीच आहे, टीव्ही बघत वाजवणारे मी पाहिले आहेत. कान लावून वाजवला तर एक ओळसुद्धा पुरते.

एकच पलटा, सहा तऱ्हा

पहिली तऱ्हा सपाट, सगळे सूर सारखे. दुसरी लांब-आखूड: सा ला दीड मात्रा, ग ला अर्धी, पुन्हा म ला दीड, प ला अर्धी. तिसरी याच्या उलट. या दोन तऱ्हांत काय होतं ते बघा. लांब सुरावर हाताला विश्रांती मिळते आणि आखूड सुरावरून पुढच्या लांब सुरावर एक झेप घ्यावी लागते. म्हणजे सबंध पलटा संथ असूनही प्रत्येक जोडी तुम्ही एकदा जलद वाजवलेली असते. वेगाचा सराव करायचा हा सगळ्यात सुरक्षित रस्ता आहे.

चौथी तऱ्हा तीन जलद आणि चौथ्यावर थांबा. पाचवी तुटक, प्रत्येक सूर गरम तव्याला बोट लागल्यासारखा. यात मनगट कडक होतं, म्हणून दोन ओळींच्या वर नको.

सहावी मला सगळ्यात आवडते. प्रत्येक तिसऱ्या सुरावर वजन द्या. ओळ आठाची आणि वजन तिसऱ्यावर, त्यामुळे ते दर ओळीला वेगळ्या बोटावर जातं. कधी अंगठ्यावर, कधी अनामिकेवर. चोवीस सूर झाले की पुन्हा ठिकाणावर येतं. तिहाईची (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर यायची) सवय असलेल्यांना हे दोन दिवसांत जमतं, बाकीच्यांना आठवडा लागतो.

याखेरीज आवाजाची चढ-उतार. चढताना हळूहळू मोठा, उतरताना लहान. मग उलट. सगळ्यात शेवटी डावा मोठा आणि उजवा लहान. यात भलेभले अडकतात.

अंगठा

पाच सुरांच्या पुढे सप्तक वाजवायचं तर बोटं कमी पडतात. म्हणून बिलावलचं सरळ सप्तक उजव्या हाताने असं वाजतं: सा रे ग ला १ २ ३, मग अंगठा खालून म वर, आणि म प ध नि सां ला १ २ ३ ४ ५. डाव्या हाताने चढताना ५ ४ ३ २ १, आणि मग मधलं बोट अंगठ्यावरून ओलांडून ३ २ १.

ही अंगठ्याची वाट वेगळी काढून घासा. मधलं बोट ग वर हलकं टेकवून ठेवा आणि अंगठ्याने सा, म, सा, म असं संथ वाजवा. नंतर अनामिका म वर ठेवून सा, प, सा, प. अंगठ्याला निघायला उशीर होतो हा रोग जुना आहे. तर्जनी वाजली की अंगठ्याने तळहाताखाली चालायला लागायचं, ग वाजेपर्यंत तो म च्या अलीकडे पोचलेला हवा. आणि कोपर पंखासारखं बाहेर फडकता कामा नये.

वेग वाढला की हे चित्र बदलतं. जलद सप्तकात अंगठा खालून फारसा जात नाही, सबंध हातच बाजूला उडी मारतो. संथ लयीत जे बरोबर तेच जलद लयीत नेमकं बरोबर असेल असं नाही. म्हणून थोडंसं, चार-पाच सुरांचं, पूर्ण वेगात वाजवून बघत जा. नाहीतर वर्षभर संथ घासून ऐनवेळी हात नवीनच काहीतरी मागतो.

काळ्या पट्ट्या

इथे पेटीवाले पुढे आहेत. गाणारा काळी एक म्हणतो, काळी चार म्हणतो, आणि आपण निमूट सा तिथे नेतो. शहरातल्या क्लासमध्ये सहा-सहा महिने पांढऱ्याच पट्ट्यांवर राहिलेली पोरं काळी पट्टी दिसली की बिचकतात.

पोलंडचा पियानोवादक-संगीतकार शोपॅं पॅरिसमध्ये शिष्यांना शिकवायचा तेव्हा सुरुवात पांढरी एकपासून करत नसे. तो हाताला पहिली जागा द्यायचा ती अशी: पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. पाच बोटं या पाच पट्ट्यांवर ठेवून बघा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी खालच्या पांढऱ्यांवर. हात आपोआप गोल बसतो, कुणी 'बोटं वाकव' म्हणायची गरज नाही.

सप्तकही तो पांढरी सातपासून सुरू करायचा. पांढरी सातला सा धरून बिलावल वाजवा. उजव्या हाताचे आकडे तेच, १ २ ३ १ २ ३ ४ ५, पण आता अंगठा फक्त सा आणि म या दोन पांढऱ्यांवर येतो आणि त्याला खालून जायला मोकळी जागा मिळते. डाव्याचे ४ ३ २ १ ४ ३ २ १. मी आता मुलांना पांढरी एकच्या आधी हेच देतो. बघायला अवघड, हाताला सोपं. पांढरी एकचं सप्तक बघायला सोपं आणि हाताला सगळ्यात अवघड, कारण सपाट जमिनीवर बोटाला खूणच सापडत नाही.

डावा हात

पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. त्याला हवा देणं येतं, पण बोटं वेगळी चालवणं येत नाही. म्हणून आमच्या पोरांना मी सांगतो, आठवड्यातले दोन दिवस फक्त डावा. उजवा मांडीवर. पलटे तेच. डाव्याचा अंगठा जड पडतो आणि करंगळी दबते, तेव्हा अंगठा मुद्दाम हलका वाजवा.

दोन्ही हात एकत्र आणले की उजवा डाव्याच्या चुका झाकतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि डोळे मिटून ऐका. कुठल्या सुरावर दोन हात 'त-ड' असे मागेपुढे पडतात ते तिथे कळतं. बहुतेक वेळा ते अनामिकेच्या सुराला असतं.

धरून ठेवायचे व्यायाम : जपून

चार बोटं पट्टीवर दाबून ठेवायची आणि पाचवं चार वेळा वाजवायचं, असे व्यायाम पुष्कळ पुस्तकांत आहेत. बोटं स्वतंत्र करायला ते उपयोगी आहेत, पण माझा हात बिघडला त्यात यांचा वाटा मोठा होता. पहिले सहा महिने घेऊच नका. नंतर घेतलेत तर एका हाताला एक मिनिट. धरलेली चार बोटं पट्टीवर नुसती झोपलेली हवीत. वाजणाऱ्या बोटाबरोबर अंगठा आत ओढला जाऊ लागला किंवा करंगळी ताठ उभी राहिली की थांबायचं.

थकवा आणि दुखणं यांत फरक करा. कोपराखाली भरून आल्यासारखं वाटलं तर हात खाली सोडून झटका आणि दोन मिनिटं थांबा. टोचणारी कळ, मुंग्या, बोट बधिर होणं, किंवा सकाळी उठल्यावरही राहिलेलं दुखणं यावर सराव हा उपाय नाही. तो बंद करायचा. आठवड्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठायचा. मालिश करून वर पुन्हा दोन तास वाजवणारे शेवटी महिनाभर बसून राहतात.

लय किती, वेळ किती

हॅननने स्वतः मेट्रोनोमला मिनिटाला ६० ठोक्यांपासून १०८ पर्यंत जायला सांगितलं आहे, तेही एका ठोक्याला चार सूर. नव्या माणसाने ते आकडे विसरावेत. ६० वर ठेवा आणि एका ठोक्याला एकच सूर. तीन दिवस सलग चूक नाही, हात सैल, तर दुगुन करा, म्हणजे एका ठोक्याला दोन सूर. दुगुन बसली की लगेच चौगुनीवर उडी नको. एक ठोका दोन सूर याच हिशेबाने ६० चे ६६, ७२ असं चढा. चुकलं की दोन पायऱ्या खाली. मी एका वहीत तारीख, पलटा आणि आकडा लिहितो. सोयाबीनच्या दिवसांत आकडा खाली येतोच, दिवसभर विळा धरलेला हात रात्री बारीक काम करत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

वेळेचं म्हणाल तर रोज वीस मिनिटांचे पलटे रविवारच्या तीन तासांपेक्षा केव्हाही चांगले. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून मधल्या रात्री फुकट जात नाहीत. त्या वीसांतली पाच मिनिटं हात सैल करण्यात, दहा मिनिटं एका पलट्याच्या दोन-तीन तऱ्हांत, पाच मिनिटं सप्तकात. पुढे गाणं.

आपल्याकडे हवामानही मध्ये येतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं लाकडासारखी असतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं हात बुडवा, पुसून कोरडे करा, मग बसा. शेकोटीवर नुसती पाठ शेकून आलेल्या हाताने जलद पलटा घेऊ नका. मे महिन्यात दुपारी पट्ट्यांवर घाम उतरतो, सराव पहाटे पाचला हलवा. लाइन गेली तर पेन्सिल सेलवर चालणारे कीबोर्ड आहेत, पण मी बंद पट्ट्यांवरही करून घेतो. आवाज नसला की पट्टीच्या तळाशी किती दाबतो आहोत ते स्वच्छ कळतं. आणि वापर नसेल तेव्हा वर धुतलेलं धोतर टाका, तुरीच्या मळणीची धूळ पट्ट्यांखालच्या रबरात गेली की एकेक सूर मुका होतो.

आपल्याच गाण्यातून पलटा काढा

तीन-चार महिने झाले की पुस्तकातले व्यायाम कमी करा. जे भजन किंवा गाणं वाजवत आहात त्यातली अडणारी जागा शोधा. ती सहसा चार-पाच सुरांची असते. समजा अंतऱ्यात 'धनिसां निधपम' अशी तान आहे आणि नि वर अनामिका अडखळते. तेवढेच सात सूर घ्या. आधी बोटांचे आकडे ठरवून पेन्सिलीने वहीत लिहा, आणि मग रोज तेच आकडे. दर वेळी वेगळ्या बोटांनी वाजवणं हे बहुतेक अडखळण्यांचं मूळ असतं. मग लांब-आखूड, आखूड-लांब, तीन जलद एक थांबा. मग तीच तान एक सूर वर सरकवा, जसा हॅनन सरकतो. मग काळी एकवर न्या. शेवटी तिच्या आधीचे दोन सूर आणि नंतरचे दोन सूर जोडून पुन्हा गाण्यात बसवा. हे जोडणं राहून जातं, आणि मग घरी येणारी तान मंडळात चुकते.

गेल्या गणपतीत बुवांनी माझा कीबोर्ड मांडीसमोर ओढून घेतला. डाव्या हाताला काय करायचं ते त्यांना कळेना, तो सवयीने हवेत भाता शोधत राहिला. मग मी तो धरून पांढरी तीनवर करंगळी ठेवून दिली, मधली तीन बोटं वर काळ्यांवर आणि अंगठा पांढरी सातवर. त्यांनी पाच सूर चढून पाच उतरले, हळूच, एकही तुटला नाही. मला म्हणाले, "थांब जरा, आणखी एकदा करू दे." पोरं आरतीसाठी थांबली होती, तशीच थांबली.